चिऱ्याच्या घरातलं नेटवर्क, नोंद ३: स्विच ठरवताना

मांद्र्यातल्या कौलारू घरात केबल ओढून झाल्या, सगळी टोकं वसरीलगतच्या कोठीत आलीत. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे वायफाय धड पोचत नाही, म्हणून तीन ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे). शिवाय चार कॅमेरे, राउटर, टीव्ही, नॅस (घरच्या फाइली साठवणारी पेटी) आणि डेस्कटॉप. झाले ११ पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या खाचा. या सगळ्या केबल एकत्र जोडणारी पेटी म्हणजे स्विच. आठ पोर्टांचा इथेच बाद.

मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा हवा तो व्हीलॅनसाठी: एकाच स्विचवर एकमेकांपासून वेगळी नेटवर्कं करता येतात. चवथीला घर भरलं की पाहुण्यांचे फोन नॅसपर्यंत पोचायला नकोत, आणि कॅमेऱ्यांना इंटरनेटची गरजच नाही. राउटरलाही व्हीलॅन कळायला हवं. कनेक्शनसोबत फुकट आलेल्या राउटरला बहुधा ते कळत नाही.

खरी गोम पीओईत, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पुरवण्यात आहे. खोक्यावर ‘८ पीओई प्लस पोर्ट’ आणि ‘पोर्टला ३० वॉट’ वाचून २४० वॉट मिळतील असं समजू नका. सगळ्या पोर्टांना मिळून किती, हा आकडा, म्हणजे पीओई बजेट, वेगळा असतो. यूबिक्विटीच्या यूएसडब्ल्यू-१६-पीओईला तो ४२ वॉट आहे. इथला हिशेब असा: ॲक्सेस पॉइंट ३ × १२ = ३६, कॅमेरे ४ × ७ = २८, एकूण ६४. पाव भाग राखीव धरला की ८० वॉट. कॅमेऱ्याचे ७ वॉट हे रात्रीचे, इन्फ्रारेड दिवे पेटल्यावरचे. म्हणून बजेट कमी पडलं तर दिवसभर सगळं सुरळीत आणि तिन्हीसांजेला एखादा कॅमेरा बंद-चालू, बंद-चालू. लोक कॅमेरा बदलतात, दोष तिथे नसतोच. केबलही शुद्ध तांब्याचीच हवी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेत व्होल्टेज वाटेतच गळतं.

दुसरी अट एसएफपी पोर्टची, म्हणजे फायबरचं मॉड्यूल बसतं त्या खाचेची. परसातली पाहुण्यांची खोली ३५ मीटरवर आहे. अंतर तांब्याच्या केबलच्या आवाक्यातलं, पण दोन इमारतींमध्ये तांबं टाकलं की जवळपास वीज पडल्यावर झटका दोन्हीकडचे पोर्ट घेऊन जातो. म्हणून सिंगल मोड फायबर, म्हणजे वीज न वाहणारी काचेच्या धाग्याची केबल. ड्रॉप केबलमध्ये (घरापर्यंत आणायच्या बारीक फायबर केबलमध्ये) आधाराला बऱ्याचदा पोलादी तार असते, ती नको. एफआरपीच्या (काचतंतू आणि प्लास्टिकच्या) कांडीची घ्या, नाहीतर विजेला वाट तयारच. एकाच धाग्यावरून दोन्ही दिशांना चालणारी बायडाय मॉड्यूल जोडीनेच घ्यायची: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवणारं, दुसरं १५५० वर. दोन्ही सारखी आली तर लिंकचा दिवा लागणारच नाही.

म्हणजे १६ पोर्ट, त्यांतले ८ पीओई प्लस, पीओई बजेट किमान ८० वॉट, एसएफपी, आणि पंखा नाही. २.५ गिगाबिट वेगाच्या पोर्टांचा मोह सोडला. त्या पैशात पीओई बजेट वाढवलेलं बरं. विकत घेण्याआधी मॅन्युअलमध्ये ‘मॅनेजमेंट व्हीलॅन’ शोधा, म्हणजे स्विचची सेटिंग फक्त ज्यातून उघडतात तो व्हीलॅन. काही स्वस्त मॉडेलांत लॉगिनचं पान प्रत्येक व्हीलॅनमधून उघडतं, मग पाहुण्यांना वेगळं ठेवून उपयोग काय?

व्हीलॅन असे: घर १०, कॅमेरे २०, पाहुणे ३०, मॅनेजमेंट ९९. टॅग्ड म्हणजे डेटावर व्हीलॅनचा क्रमांक लिहिलेला, अनटॅग्ड म्हणजे न लिहिलेला. कॅमेऱ्याचा पोर्ट २० मध्ये अनटॅग्ड. ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टवर ९९ अनटॅग्ड, १० आणि ३० टॅग्ड. राउटरकडे चारही टॅग्ड. हमखास विसरतो तो पीव्हीआयडी: पोर्टवर क्रमांक नसलेला डेटा आला तर तो कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचा ते ठरवणारा आकडा. पोर्ट २० मध्ये घातला, पण पीव्हीआयडी १ राहिला, तर कॅमेऱ्याची नेटवर्क पत्त्याची मागणी व्हीलॅन १ मध्ये जाते, उत्तर परत येत नाही आणि कॅमेरा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो. असा पत्ता दिसला की आधी पीव्हीआयडी बघा. मॅनेजमेंट व्हीलॅन सगळ्यांत शेवटी बदला, तोही एक पोर्ट ९९ मध्ये अनटॅग्ड ठेवून, लॅपटॉप त्यालाच लावून. आणि ‘सेव्ह’ दाबा. बऱ्याच स्विचांत बदल लगेच लागू होतात पण साठवले जात नाहीत. पावसात वीज गेली की सगळं पहिल्यापासून.

राहिली खारी हवा. रिकाम्या पोर्टांना रबरी बुचं, आणि स्विच ओल धरणाऱ्या भिंतीपासून दोन बोटं सुटा. पिनांवर कळंक चढला की लिंकचा वेग १००० मेगाबिटवरून १०० वर येतो, कारण गिगाबिटला (१००० ला) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. स्विचच्या पानावर १०० दिसलं तर आधी प्लग काढून पिना बघा, मग क्रिंपिंग (प्लग तारांवर नीट दाबून बसलाय का).

फायबरचा पाइप अजून पुरायचा आहे. मिरगाआधी चर खणला पाहिजे, नंतर परसात चिखलच.