तुम्ही विचारलेत म्हणून : दिवसभर घरी असून वेळ पुरत कसा नाही?

‘दिवसभर घरीच असता, मग वेळ पुरत कसा नाही?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी आणि इतक्या निरनिराळ्या स्वरांत विचारला आहे की, त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे ठरवले. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी मुलगी होईपर्यंत हिशेब विभागात होते, तिथल्या मैत्रिणी तो कुतूहलाने विचारतात. नात्यातल्या बायका किंचित खोचकपणे विचारतात, आणि त्यांच्यापैकी ज्यांची मुले आता मिसरूड फुटण्याच्या वयाची आहेत त्यांना स्वतःचे ते दिवस आठवू नयेत, याचे मला राहून राहून नवल वाटते. माझी मुलगी सिनियर केजीत आहे, मुलगा अडीच वर्षांचा आहे, नवरा अंबडलाच शिफ्टमध्ये काम करतो आणि आम्ही सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात राहतो.

कामांची यादी वाचून दाखवली तर विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण स्वयंपाक, धुणे, केरवारे, मुलीचा डबा ही यादी त्यांच्याही घरात आहे. शिवाय माझ्याकडे भांड्यांना बाई येते आणि कपडे मशीन धुते. तेव्हा वेळ जातो तो या यादीत नसलेल्या कशात तरी, हे मला बरेच दिवस जाणवत होते. पण नेमके कशात, हे मला सरकारच्या एका सर्वेक्षणाची रीत वाचल्यावर स्वच्छ कळले.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. 2024 च्या आकड्यांनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाकाठी सरासरी 289 मिनिटे जातात आणि पुरुषाची 88. घरातल्या माणसांची देखभाल वेगळी मोजली आहे. ती करणाऱ्या 15 ते 59 वयाच्या स्त्रिया 140 मिनिटे देतात आणि पुरुष 74. हे आकडे वर्तमानपत्रांतून पुष्कळ फिरले. मला मात्र हिशेबाची जुनी खोड असल्याने आकड्यांपेक्षा नोंदवही कशी ठेवली यात अधिक रस होता. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा दिवस धरून त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडलेले असतात, आणि एका रकान्यात दहा मिनिटे किंवा त्याहून अधिक चाललेली जास्तीत जास्त तीन कामे लिहिली जातात. देशभरातल्या माणसांचा दिवस नोंदवायचा तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते, त्यामुळे या रीतीला मी नावे ठेवणार नाही. पण लहान मुलांच्या आईचा दिवस बहुतांशी त्या रेघेखालीच असतो, कारण तो दहा मिनिटांपेक्षा लहान कामांचाच बनलेला असतो.

उदाहरण द्राक्षांचे घ्या. माझे सासर निफाडकडचे, त्यामुळे जानेवारीपासून उन्हाळा लागेपर्यंत घरात द्राक्षांना तोटा नसतो, आणि सासूबाई पिशवी हातात देताना मोठ्या कौतुकाने म्हणतात, ‘पोरांना काही करून द्यायला नको, नुसती वाटी पुढे ठेव.’ प्रत्यक्षात पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे द्राक्ष देऊ नये. ते गोल, गुळगुळीत आणि मऊ असल्याने श्वासनलिकेत नेमके बसते व हवा पूर्ण अडवते. आडवे कापले तरी तुकडा गोलच राहतो, म्हणून ते उभे चिरून त्याचे चार भाग करावे लागतात. म्हणजे आधी घड वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचा, मग एकेक द्राक्ष चिरायचे, आणि मुलगा खात असेपर्यंत त्याच्यासमोर बसायचे, कारण तोंडात घास घेऊन पळत सुटणे हा त्याचा आवडता खेळ आहे. एवढ्यात मुलगी विचारते की तिची द्राक्षे का चिरली, ती आता मोठी झाली आहे ना. त्याचे उत्तर द्यायचे. यातले एकही काम दहा मिनिटांचे नाही, आणि ‘द्राक्षे दिली’ या दोन शब्दांत सगळे संपते.

पाण्याचेही तसेच. सकाळी नळाला पाणी येते त्या वेळात पिंप आणि बादल्या भरून ठेवाव्या लागतात, आणि रांगत्या-धावत्या मुलाच्या घरात भरलेली बादली ही सर्वांत धोक्याच्या वस्तूंपैकी एक असते. डोके जड असल्याने मूल वाकले की तोल जाऊन आत पडते, स्वतःहून बाहेर निघू शकत नाही, आणि थोडेसे पाणीही बुडायला पुरते. ओरडण्याचा आवाजसुद्धा येत नाही. तेव्हा पाणी तर साठवायचे आणि मूल तर त्याच्याजवळ जाऊ द्यायचे नाही, अशा कसरतीत न्हाणीघराची कडी लावली आहे की नाही, हे दिवसभर मनाच्या एका कोपऱ्यात चालू राहते. पोळी लाटताना, घंटागाडी आल्यावर ओला आणि सुका कचरा घेऊन जिना उतरताना, फोनवर बोलतानाही ते चालूच असते. हे काम म्हणून कुणाला सांगता येत नाही. मी त्या वेळी पोळी लाटत होते, एवढेच दिसते.

आणि मग नवऱ्याच्या थर्ड शिफ्टचा आठवडा येतो. तो सकाळी येऊन आतल्या खोलीत झोपतो आणि बाहेरच्या खोलीत अडीच वर्षांच्या मुलाला गप्प ठेवायचे असते. मिक्सर लावायचा नाही, म्हणून चटणी आदल्या संध्याकाळी वाटून ठेवायची; कुकरची शिट्टी नको, म्हणून वरण पातेल्यात शिजवायचे आणि त्याला दुप्पट वेळ द्यायचा. अशा दिवसांत मी मुलाला घेऊन बागेत जाते. लोकांना तिथे मी बाकावर बसलेली दिसते, आणि मला वाटते की पुढचा प्रश्न बहुधा तिथेच जन्माला येतो.

‘मोबाइल लावून द्यावा, तासभर निवांत मिळतो,’ असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक पडदा नको, आणि कमी तितके बरे, असे सांगितले आहे. आमच्या घरी तो तास बहुतेक मुलीचा ताप किंवा माझे डोके दुखणे यासाठी राखून ठेवलेला असतो.

तर वेळ जातो तो कामांच्या मधल्या फटींमध्ये, आणि फटी दर थोड्या वेळाने पडतात. हिशेब विभागात मी एक ताळेबंद हाती घेतला की तो संपेपर्यंत उठत नसे. घरी तसा एकही कागद सलग तपासून होत नाही. मुलीच्या शाळेचा अर्ज भरायला घेतला, की मधेच मुलाला शी लागते. परत आले, की पेनचे टोपण सापडत नाही आणि ते कुणाच्या तोंडात नाही ना, हे आधी पाहावे लागते. अर्ज पाच मिनिटांचाच असतो. तो संध्याकाळी पुरा होतो.

नवऱ्याला हे मी वाद घालून पटवू शकले नव्हते. तो मदतीला कधी नाही म्हणत नाही. सेकंड शिफ्ट असली की सकाळी भाजी चिरतो, मुलीला शाळेत सोडतो. पण भाजी चिरण्याने माझे लक्ष मोकळे होत नाही, कारण मुलगा कुठे आहे हे तरीही मीच पाहत असते. आता त्या आठवड्यात न्याहारीपासून तो कामावर निघेपर्यंत मुलगा पूर्णपणे त्याच्याकडे असतो, आणि त्यात एक अट आहे : चड्ड्या कुठल्या खणात आहेत, त्याने किती खाल्ले की पुरे, शेजारच्या काकूंकडे जाऊ द्यायचे का, यांपैकी काहीही त्याने मला विचारायचे नाही. सुरुवातीला हे फार जड गेले, त्याला आणि मलाही. आतून रडण्याचा आवाज आला तरी मी हातातले पीठ मळत राहते आणि उठत नाही.