लांब सोडा हं!

बडोद्यात कुणाच्या घरी मगर पकडायला गेलं की दोन प्रश्न हमखास येतात. चावेल का, आणि कुठे सोडणार? दुसऱ्याचं आमच्या टीममध्ये ठरलेलं उत्तर आहे, ‘लांब.’ ऐकणाऱ्याला बरं वाटतं आणि आम्हाला पुढचा कॉल गाठायचा असतो.

2024 च्या ऑगस्टमध्ये, गोकुळाष्टमीच्या सुमारास, शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली. शहरातल्या अकोटा भागातल्या एका छपरावर बसलेल्या मगरीचा व्हिडिओ तेव्हा देशभर फिरला. आमचे फोन थांबत नव्हते. पाणी उतरू लागलं तशी वरच्या मजल्यांवर आसरा घेतलेली माणसं झाडू-बादली घेऊन खाली आली, आणि त्यांच्या आधी घरात शिरलेले पाहुणे सापडू लागले.

नदीकाठच्या एका जुन्या सोसायटीतल्या आजींना न्हाणीघरात पाचएक फुटांची मगर दिसली. त्यांनी बाहेरून कडी घातली आणि फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा त्या घाबरलेल्या नव्हत्या, वैतागलेल्या होत्या. घरभर गाळ, फ्रिज आडवा पडलेला, आणि पाय धुवायला न्हाणीघर नाही! फाटकाशी गर्दी. एक काकी हात जोडून उभ्या होत्या; खोडियार मातेचं वाहन म्हणजे मगर, तेव्हा इकडे भीती आणि भक्ती एकाच वेळी चालते.

अरुंद जागेतली मगर उघड्यावरच्यापेक्षा वाईट. शेपटीला जागा नाही आणि आपल्यालाही. आधी भिजलेलं गोणपाट डोळ्यांवर टाकलं. दिसेनासं झालं की ती बरीच शांत होते. मग काठीला बांधलेला फास गळ्यात, एकाने पाठीवर भार टाकायचा, दुसऱ्याने जबडा दाबून धरायचा. हाड फोडणारा हा जबडा मिटवणारे स्नायू भयंकर ताकदीचे, पण उघडणारे इतके कमकुवत की नुसत्या चिकटपट्टीने तोंड बंद राहतं. हे ठाऊक असूनही पट्टीचा पहिला वेढा बसेपर्यंत मी श्वास रोखून असतो.

बाहेर आणल्यावर आजींनी विचारलं, “तू मराठी का रे? राहतोस कुठे?”

“दांडिया बाजार.”

“मग नीट सांग. कुठे सोडणार हिला?”

“लांब, आजी.”

“लांब म्हणजे कुठे? अजव्याला? पावागडला? खरं सांग, मी काही कुक्कुलं बाळ नाही.”

म्हटलं, सांगून टाकावं. “पाणी उतरलं की याच नदीत.”

“मग पकडलीस कशाला?”

प्रश्न रास्त होता. मी पायरीवर बसलो आणि जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. पुरात काठावरची बिळं बुडतात, ओढ जोराची असते, म्हणून ती संथ पाणी शोधते. शिकारीला ती आलीच नव्हती. दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडली तर तिथले थोराड नर तिला टिकू देतीलच असं नाही, आणि मगरी आपली जागा शोधत परतही येतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा मारणं तर सोडूनच द्या.

“म्हणजे पुन्हा पूर आला की पुन्हा येईल?”

“ही नाही तर दुसरी.”

आजींनी फाटकाखालच्या फटीकडे पाहिलं. “जाळी बसवून घेते.”

पाणी उतरल्यावर मगर नदीत सोडली. दोर काढले, गोणपाट ओढलं, सगळ्यांनी मोबाईल उगारले. बाई हलेचनात. वन्यप्राणी सोडला की तो झेप घेऊन स्वातंत्र्याकडे धावतो, हे टीव्हीतलं. ही आम्ही कंटाळून मागे सरेपर्यंत तशीच पडून होती. समोर गटारांचं पाणी, प्लॅस्टिक, दोन्हीकडे इमारती. याला ‘मुक्त केली’ म्हणायचं तर म्हणा. मला तो शब्द आपल्याच समाधानासाठी वाटतो. तरी नदीला अजून मातीचा काठ आहे. त्यात बीळ खणता येतं, उन्हाळ्यात अंडी घालता येतात, आणि तिला लागतं ते एवढंच. पुढच्या वर्षी पूर रोखायला नदी खोल-रुंद करायचं काम निघालं. त्याआधी फेब्रुवारीत मगरींची मोजणी झाली खरी, पण यंत्रं फिरली ती नेमकी अंड्यांच्या दिवसांत. ती सगळी गडबड मला अजून पटलेली नाही.

काही दिवसांनी आजींचा फोन आला. जाळी बसली होती, वेल्डरने जास्तच पैसे घेतले होते.

“आणि सोडलीस कुठे शेवटी?”

मी पुलाचं नाव सांगितलं.

“अरे, हा तर आमच्या सोसायटीच्या वरच्याच अंगाला!”

“हो.”

“बरं. शेजारच्यांना मी नाही हं सांगणार. तूच येऊन सांग.”

गेलो मीटिंगला. दोघे भांडले, एकाने मोदींना पत्र लिहायचं ठरवलं, तिघांनी वेल्डरचा नंबर मागितला. सेक्रेटरींनी मात्र हे इतिवृत्तात घ्यायला साफ नकार दिला. फ्लॅटचे भाव पडतात म्हणे.