आंडेर म्हणजे अंडं नव्हे

कॅफेतल्या ओपन माईकवर, म्हणजे कुणीही नाव नोंदवून कविता वाचावी अशा कार्यक्रमात, ‘आंडेर’ या शब्दावर सगळे हसले, तेव्हा मला मिळालेल्या पाच मिनिटांतलं एक मिनिटही सरलं नव्हतं. हसण्यात वाईटपणा नव्हता, हे आज कळतं. समोर पंचविशीतली पोरं, हातात सँडविच, आणि एक बाई माईकवर म्हणतेय, ‘मी बापाची आंडेर’. त्यांना अंडं ऐकू आलं. मी घाईघाईने म्हणाले, “आंडेर म्हणजे मुलगी. आमच्याकडे अहिराणीत म्हणतात. सॉरी.” पुढची कविता मी अशी वाचली, की जणू बस सुटत होती. शेवटचं कडवं संपायच्या आतच बॅग खांद्याला लावली. जिन्यात आल्यावर लक्षात आलं, शंभर रुपयांच्या प्रवेशात कॉफी होती आणि तिचं कूपन माझ्या मुठीत चुरगळलेलं होतं.

मी मूळची बागलाणची. सटाण्याजवळच्या एका गावात आमची डाळिंबाची बाग होती. तेल्या रोगाने ती गेली आणि आबांनी, म्हणजे वडिलांनी, पुन्हा कांदा धरला. लग्नानंतर नाशिकला सिडकोत आले. अंबडला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आवक-जावक बघते. कविता लिहायचे ती मालाच्या जुन्या चलनांच्या पाठीवर. डिसेंबर २०२१ मध्ये ९४वं साहित्य संमेलन नाशिकलाच, आडगावला भरलं होतं. तिथल्या कविकट्ट्यावर मी अख्खी दुपार मागच्या खुर्चीत बसून होते. पर्समध्ये घडी घातलेला कागद होता. नाव नोंदवलेलंच नव्हतं, त्यामुळे कुणी बोलावायचा प्रश्नच नव्हता. तरी दर नावाला छातीत धडधडायचं. आता सांगताना हसू येतं.

ओपन माईकचं पोस्टर पुतणीने पाठवलं. गंगापूर रोडच्या एका गल्लीत कॅफेचा वरचा मजला, महिन्यातून एक रविवार. गुगल फॉर्म भरायचा, नाव आणि भाषा लिहायची, झालं. भाषेच्या रकान्यात मी ‘मराठी’ लिहिलं.

पळून आल्यावर तिसऱ्या दिवशी यादी सांभाळणाऱ्या मुलाचा मेसेज आला : “ताई, तुमची कॉफी राहिली. आणि शेवटचं कडवं तुम्ही पळवलंत, ते पुन्हा ऐकायचंय.” कौतुकाचा मेसेज असता तर मी हात जोडलेला इमोजी टाकून विषय संपवला असता. पण कॉफी राहिली, या हिशेबाला माझ्यातली स्टोअरवाली बळी पडली. आवक नोंदवली आणि माल उचलला नाही, हे मला चालत नाही.

पुढचे तीन महिने मी नुसती ऐकायला गेले. तिथलं सगळंच छान असतं, असं मुळीच नाही. एका संध्याकाळी बारा जणांपैकी आठ जणांचं ब्रेकअप झालेलं निघालं, त्यातल्या सहांचं हिंदीत. काहीजण आपली कविता वाचून मित्रांसकट उठून जातात. दादेचे गट असतात : पोरं चुटक्या वाजवतात, साठीच्या पुढचे ‘वाह’ म्हणतात, आणि दोन्ही बाजूंना समोरच्याची दाद खोटी वाटते. एकाने सतरा मिनिटं वाचलं होतं, तेव्हापासून टेबलावर पितळी घंटी आली. शिवाय खालून कोल्ड कॉफीच्या मिक्सरची घरघर येते, ती नेमकी कवी हळू आवाजात आला की. अनुभवी माणूस मिक्सर थांबेपर्यंत ओळ धरून ठेवतो. नवखा त्याच्यावर ओरडून वाचतो. मी आधी ओरडले, मग धरायला शिकले. माईकपासून वीतभर लांब राहायचं आणि मोबाइलऐवजी कागदावरून वाचायचं, कारण ऐन ओळीवर कुणाचा तरी फोन येतो, हेही तिथेच कळलं.

खरी माणसं भेटली ती मंगळवारी. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांच्या गच्चीवर सात-आठजण जमतात. तिथे माईक नसतो, तुळशीची कुंडी असते आणि काकूंचा आल्याचा चहा. पद्धत एकच : कविता वाचण्याआधी तिच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. वाचून झालं की बाकीच्यांनी कागद न बघता, लक्षात राहिलेली ओळ सांगायची. कुणालाच एकही ओळ आठवली नाही, तर पुढे काही बोलायची गरजही उरत नाही.

माझ्या पहिल्या कवितेतली एकही ओळ कुणाला आठवली नाही. फार शांतता झाली. मग नर्सिंग शिकणारी एक मुलगी म्हणाली, “तो अंड्याचा शब्द आठवतोय.” सगळे हसले, मीही हसले. काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, “तुम्ही विचार कोणत्या भाषेत करता?” मी म्हटलं, घरी आबांशी अहिराणीत. “मग तुम्ही आम्हाला भाषांतर वाचून दाखवताय. मूळ कुठाय?”

मूळ कागदावर नव्हतंच. मी तिथेच डोळे मिटून पहिली ओळ म्हटली : ‘बाप मना बांधवर, मी आंडेर शहरमा.’ दुसरी ओळ सुचायला तेरा दिवस लागले, पण ती सुचली तीही अहिराणीतच.

अहिराणी म्हटलं की लोक लगेच बहिणाबाईंचं नाव घेतात. त्या जळगावजवळच्या असोद्याच्या आणि त्यांची बोली लेवागणबोली. आमची कसमादेची, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा भागातली, अहिराणी वेगळी. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली, जिच्यात अहिराणीही धरली आहे, अठरा लाखांवर लोकांची नोंद आहे, आणि मी अहिराणी गुगल फॉर्ममध्ये लिहायला लाजले होते. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, “पत्ता चुकीचा टाकलात. टपाल कसं पोचणार?” त्यांचे सगळे दृष्टांत पोस्टातलेच असतात.

त्या पावसाळ्यात आबांना अर्धांगाचा झटका आला. नाशिकला आणलं. एकोणीस दिवस दवाखाना. उजवा हात गेला, वाचा गेली. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि भलताच बाहेर पडायचा. पाणी हवं असलं की ‘बैल’ म्हणायचे आणि स्वतःवरच चिडायचे. मी मंगळवारी गेले नाही, ग्रुपवर काही लिहिलंही नाही. दुसऱ्या मंगळवारी यादीवाल्या मुलाचा फोन आला. मी रडले, तो ऐकत राहिला, आणि शेवटी त्याने फक्त वॉर्ड नंबर विचारला.

संध्याकाळी काका थर्मास घेऊन हजर. त्यानंतर त्यांनी पाळ्याच लावल्या, त्याही माझ्याशी न बोलता. रात्री काका किंवा यादीवाला बाहेरच्या बाकावर, म्हणजे आमचे हे घरी जाऊन झोपू शकत. डबा काकूंचा. नर्सिंगवाली मुलगी ड्यूटी संपवून यायची, बोलण्याचे व्यायाम कसे घ्यायचे ते दाखवायची. तिनेच सांगितलं, आबांशी प्रमाण मराठीत बोलू नका, त्यांच्या भाषेत बोला, गाणं येत असेल तर गाणं म्हणा. मग मी रोज तेच करत बसायचे : जात्यावरच्या ओव्या, कांद्याचे भाव, भाऊबंदांची नावं. कविता कुणी काढली नाही. एकदाही नाही.

अकराव्या दिवशी आबांच्या तोंडून पहिलं सलग, स्वच्छ वाक्य बाहेर पडलं. कुशीवर वळवताना जरा जोरात ओढणाऱ्या वॉर्डबॉयला त्यांनी अस्सल बागलाणी शिवी हासडली. मी शरमले. बाकावरचे काका मात्र धावत आत आले, खिशातून डायरी काढली आणि विचारलं, “शेवटचा शब्द काय होता? ऱ्हस्व की दीर्घ?” आबा त्यांच्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसले. आमच्या घरातलं त्या महिन्यातलं पहिलं हसू ते.

पुढच्या मराठी भाषा गौरव दिनाला, २७ फेब्रुवारीला, मी पूर्ण अहिराणी कविता वाचली. नाशिक कुसुमाग्रजांचं गाव, त्यामुळे त्यांच्या जन्मदिवशी गर्दी जरा जास्त असते. आंडेर म्हणजे काय, ते आधी सांगितलं नाही. मिक्सर सुरू झाला तेव्हा ओळ धरून थांबले. कुणी हसलं नाही. फार टाळ्या पडल्या असंही नाही. मागून कुणीतरी ‘बेस शे’ म्हणालं. बघितलं तर कॅफेत कप उचलणारा मुलगा, देवळ्याचा निघाला. वर्षभर मी त्याच्याशी मराठीत बोलत होते, तो माझ्याशी हिंदीत.

आता घंटी माझ्याकडे असते. पाच मिनिटं झाली की वाजवते, काकांनाही सोडत नाही. आबा गावी आहेत, काठी घेऊन बांधापर्यंत जातात. जीभ अजून जड आहे, पण ओपन माईकच्या रविवारी रात्री फोन येतो. ब्रेकअपवाल्या कवींची गोष्ट त्यांना मी दवाखान्यात सांगितली होती, ती त्यांनी लक्षात ठेवली आहे. पहिला प्रश्न तोच असतो : “कितला जन रडनात?”

मागच्या वेळी चार होते. येत्या रविवारच्या यादीत चौदा नावं आहेत, त्यात माझं नाही. कविता अजून झालेली नाही. खुर्च्या लावायला साडेचारला पोचायचंय.