तीन कळा

विनोदी कार्यक्रमातल्या प्रहसनात वरात आली की बँड येतोच: भडक गणवेश, खांद्यावर सोनेरी झालर, फलकावर 'जगप्रसिद्ध' हे बिरुद आणि पडद्यामागून वाजणारे तयार संगीत. घरातले सगळे संवादांना हसत असतात, तेव्हा बेळगावच्या शहापुरातले आमचे शेजारी, उभी हयात लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत ट्रंपेट वाजवलेले मामा, फक्त नटाची बोटे पाहत बसतात. "तिन्ही कळा एकदमच दाबायलाय बघ. काय वाजवायलाय ह्यो?" असे पुटपुटून ते रिमोटकडे हात नेतात.

मला त्यांची ही कसोटी रास्त वाटते, कारण टिकून राहिलेले काल्पनिक बँड या कसोटीला उतरलेले आहेत. अमेरिकेतल्या 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात 1978 साली डॅन ॲक्रॉइड आणि जॉन बेलुशी काळ्या टोप्या नि काळे चष्मे घालून 'ब्लूज ब्रदर्स' म्हणून उभे राहिले. सोंग त्या दोघांचेच होते; त्यांच्या साथीला मात्र स्टीव्ह क्रॉपर आणि डोनाल्ड डन यांच्यासारखे, मेम्फिस शहराच्या 'सोल' या कृष्णवर्णीयांच्या संगीतात मुरलेले वादक आले. त्यांची ध्वनिमुद्रिका तिकडच्या विक्रीयादीत थेट अव्वल ठरली.

त्याहून गमतीची कथा इंग्लंडच्या 'रटल्स'ची. 1975 साली बीबीसीवर सुरू झालेल्या एका विनोदी मालिकेत एरिक आयडल आणि नील इनेस यांनी बीटल्सची ही नक्कल जन्माला घातली आणि 1978 मध्ये तिच्यावर लांबलचक खोटा माहितीपटही निघाला. इनेसने रचलेली गाणी इतकी बेमालूम उतरली की बीटल्सच्या गाण्यांचे हक्क बाळगणाऱ्या कंपनीने त्यांवर दावा सांगितला. थट्टेला याहून मोठी पावती कोणती मिळणार? (पैसे गेले ते इनेसचे, हा भाग निराळा.)

आपल्याकडचे प्रहसनलेखक शब्दांवर जेवढी मेहनत घेतात, तेवढी सुरांवर घेत नाहीत, अशी माझी तक्रार आहे. बेळगाव-निपाणी पट्ट्यात बेंजो पार्टीचे वादक आहेत, करडी मजलूची, म्हणजे करडी या ढोलाच्या तालावर वाजवणारी लोकवाद्यांची पथके आहेत. त्यांतल्या एखाद्याला बोलावून मुद्दाम चुकायला सांगावे. सूर नेमका किती घसरला म्हणजे नवरदेवाच्या आत्याची मान वळेल, हे त्यालाच ठाऊक असते. बेसूर वाजवण्याची बिदागी तो जरा जास्त सांगेल. ती घासाघीस न करता द्यावी.