हेक्टरच्या मागावर: सहावा आठवडा

मागच्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे उपग्रहाच्या चित्रांत वादळी ढग शोधत सगळा महासागर चाळणं बंद करून एकाच जागी ठाण मांडलंय. जागा म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या उत्तरेची तिवी बेटं, बाथर्स्ट आणि मेलव्हिल. साधारण सप्टेंबर ते मार्च या काळात इथे बहुतेक दुपारी गडगडाटी ढग उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक त्याच्यावरून दिशा ओळखायचे, त्यांनीच त्याचं नाव ‘हेक्टर’ ठेवलं. शिकायला याहून चांगला ढग मला तरी सापडलेला नाही, कारण तो आज चुकला तर उद्या पुन्हा येतो.

हिमावारी-९ या जपानी हवामान उपग्रहाची चित्रं दर १० मिनिटांनी मिळतात. त्यातलं ०.५ किलोमीटर बारकाव्याचं दृश्य-प्रकाशाचं चित्र मी आधी उघडते, ढगमाथ्याचं तापमान दाखवणारं इन्फ्रारेड नंतर. हा क्रम उलटा होता तेव्हा बरंच चुकत होतं.

साडेतीन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे तिथली दुपारची एक. बेटावर पिंजलेल्या कापसाचे बारीक पुंजके, पण किनाऱ्यालगतची पट्टी लख्ख मोकळी. समुद्रावरून आत शिरलेल्या गार हवेने ती साफ केलेली असते. पुढच्या दर चित्रात ती रुंदावते आणि ढग बेटाच्या मधल्या भागाकडे सरकत जातात. दोन्ही किनाऱ्यांचे वारे समोरासमोर आले, किंवा आधीच्या सरींतून खाली पसरलेली थंड हवा त्यांच्यावर आदळली, की एखादाच पुंजका बाकीच्यांना मागे टाकून वर जातो. कडा घट्ट, माथा खडबडीत. ऊन कललं की त्याची सावली पूर्वेला लांब पडते. माथ्यावरून वर घुसलेल्या फुगवट्याची सावलीसुद्धा खालच्या पसरट ढगावर दिसते. ती पहिल्यांदा ओळखू आली तेव्हा मी तेच चित्र कितीतरी वेळ बघत बसले होते. हेक्टर कधी कधी २० किलोमीटरपर्यंत चढतो, हे वाचलेलं होतं. ती सावली बघितल्यावर ते पटलं.

आता चुकीबद्दल. रंगवलेल्या इन्फ्रारेड चित्रात गार डाग संध्याकाळपर्यंत मोठा होत गेला, म्हणून पहिले चार आठवडे मी ‘वादळ वाढतंय’ असंच लिहीत होते. तो डाग वादळाचा नव्हे, माथ्यावर पसरलेल्या बर्फकणांच्या चादरीचा. खालचा जोर ओसरल्यावरही ती पसरतच राहते. आता तीन गोष्टी पाहते: सगळ्यात गार ठिपक्याचं तापमान वर चाललंय का, माथा गुळगुळीत झालाय का, कडा विरतायत का. तिन्ही दिसलं की ‘जोर संपला’ अशी नोंद. जुन्या वहीतल्या सगळ्या वेळा पुन्हा तपासते आहे. काम कंटाळवाणं आहे, पण करायलाच हवं.

मोसमी वारे जोरात असतात ते दिवस मोजणीतून सरळ वगळते. आकाश आधीच झाकलेलं असतं, जमीन तापत नाही, हेक्टर उभाच राहत नाही.

मधे दोन दिवस फिजीकडे वळले होते आणि तिथे नवा घोळ कळला. विती लेवू या तिथल्या मुख्य बेटावरचं वादळ चित्रात बेटाच्या पूर्वेला, समुद्रावर दिसत होतं. हिमावारी १४०.७ अंश पूर्व रेखांशावर आहे, फिजीकडे तो बराच तिरका बघतो. त्यामुळे १५ किलोमीटर उंचीचा माथा खऱ्या जागेपासून साधारण तेवढाच पलीकडे सरकलेला दिसतो. डोंगरावरचा ढग समुद्रावर नोंदला जातो तो असा. तिवी बेटं उपग्रहाखालच्या बिंदूला बरीच जवळ असल्याने तिथे हा फरक पाचेक किलोमीटरच भरतो. फिजीबद्दल कुणी नोंदी ठेवत असाल, तर उंच ढगांच्या जागा एकदा पडताळून घ्या. बुटक्या ढगांना फारसं काही करावं लागत नाही.

पुढच्या आठवड्यात हेक्टर विरल्यानंतर त्याच्याखालून बाहेर पडणारी ढगांची बारीक कमान धरायची आहे. परवा अशी एक दक्षिणेला, डार्विनच्या दिशेने सरकताना दिसली. चार चित्रं टिकली, मग अंधार झाला.