घरची माणसं असताना ग्रुपवर कशाला?

"घरात एवढी जिवाभावाची माणसं आहेत. मग ज्यांचं तोंडही पाहिलं नाही, त्यांच्यापाशी मन कसलं मोकळं करतेस?" माझ्या मुलाला टाइप वन मधुमेह आहे आणि मी अशा मुलांच्या पालकांच्या ऑनलाइन ग्रुपवर असते, हे कळलं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

घरच्यांना सांगितलं की त्यांचा जीव टांगणीला लागतो. मग स्वतःचं रडू आवरून मलाच त्यांना धीर द्यावा लागतो. ग्रुपवर तसं होत नाही. माझी भीती तिथे प्रत्येकाच्या घरात आधीपासूनच आहे.

निदान झालं त्या महिन्यातली एक रात्र. पावणेतीनला त्याची साखर ५८. सत्तरच्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे डॉक्टरांनी शिकवलं होतं. अर्धवट झोपेत त्याने ग्लुकोजचं पाणी गिळलं. पण ती १५ मिनिटं कशी काढायची? मी ग्रुपवर लिहिलं, "५८ आली, ग्लुकोज दिलंय, अजून काय करू?" एका आईचं उत्तर आलं, "बरोबर केलंत. हात थरथरतायत का तुमचे? मी जागी आहे, आकडा आला की कळवा." आकडा ९४ आला. तो कळवला आणि मग मी रडले.

"मला आधार हवाय" असं लिहायला हात धजत नाही. म्हणून कुणी आकडे पुढे करतं, कुणी डोस विचारतं. रॉबर्ट क्राउट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या अशाच ऑनलाइन गटांचा अभ्यास केला. प्रश्न विचारला की माहिती मिळते, स्वतःचं दुखणं सांगितलं की मायेचे शब्द मिळतात, असं त्यांना दिसलं. २०१२ सालच्या त्यांच्या निबंधात तर असंही आहे की भावनिक आधार मिळालेली माणसं गटात जास्त टिकतात, माहितीने तितका फरक पडत नाही. मला हे तंतोतंत पटतं. इन्सुलिनचा डोस मी ग्रुपवर कधीच ठरवत नाही, तो डॉक्टरांनाच विचारते. त्यासाठी मी तिथे नाहीच.

परवा एका नव्या बाबांनी लिहिलं, "सुई टोचताना मुलगी माझ्याकडे बघत नाही." प्रश्न काहीच नव्हता. रात्रीचा एक वाजला होता. मी लिहिलं, "माझाही बघायचा नाही. जागी आहे मी, बोला."