देव झिजतो आहे

चतुर्थीची सुट्टी संपल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी प्रात्यक्षिकाचा तास आटोपून मी खडकांचे नमुने खोक्यांत परत ठेवत होतो, तेवढ्यात बारावीतला एक विद्यार्थी वडील आणि आजीला घेऊन प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात इतकी वर्षे भूगर्भशास्त्र शिकवताना लोकांनी माझ्याकडे लोहखनिजाचे गोळे आणले, विहिरीतून निघालेले चकाकते दगड आणले, एकदा तर उल्का म्हणून भट्टीतली धातुमळी आणली. पण "सर, आमचा देव झिजतो आहे, जरा बघा," असे म्हणत कोणी आले नव्हते.

आजींनी तांबडे कापड सोडले. आत बोटभर लांबीचा, टोकाकडे निमुळता होत गेलेला पांढुरका दगड होता. मे महिन्यात हे सगळे कुटुंब आंध्र प्रदेशातल्या नंद्याळ जिल्ह्यातील बेलम गुहा पाहायला गेले होते आणि तिथून हे स्फटिकाचे लिंग घरी आले, असे वडिलांनी सांगितले. श्रावणभर त्याला रोज पंचामृताचा अभिषेक झाला आणि चतुर्थीला देव घासायला काढले तेव्हा त्याचा गुळगुळीतपणा गेलेला आजींच्या बोटांना जाणवला.

वडिलांनी हौसेने मोबाइलवरची छायाचित्रे दाखवली. केशरी छत, सोनेरी भिंती, मधोमध हसणारी मुले. एवढे रंग कोणत्या खनिजामुळे येतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा ते बहुतेक दिव्यांचे आहेत हे सांगताना मला थोडे वाईट वाटले. त्या गुहेत मीही जाऊन आलो आहे. तिथला मूळ चुनखडक करडा-काळा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ साली या गुहेची नोंद केली आणि १९८२-८३ मध्ये डॅनियल गेबाउर यांच्या जर्मन पथकाने ती बारकाईने धुंडाळली. मोजलेली लांबी ३,२२९ मीटर भरते. पर्यटकांना त्यातला साधारण दीड किलोमीटर पाहता येतो. पाताळगंगा नावाची सर्वांत खोल जागा ४६ मीटर खाली आहे. आत इतके दमट असते की हवा खेळवण्याची सोय असूनही माझा सदरा पिळून काढण्याजोगा झाला होता. आपल्याकडच्या हरवळे किंवा रिवणच्या गुंफा माणसाने जांभ्यात कोरल्या आहेत. ही मात्र पाण्याने पोखरली आहे.

तो दगड स्फटिक (क्वार्ट्झ) नव्हे, कॅल्साइट, म्हणजे चुनखडक ज्याचा बनतो ते खनिज आहे, हे मला पाहताक्षणीच कळले होते. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला असता तर तो फसफसला असता आणि विषय तिथेच संपला असता. बाटली मी हातात घेतलीही. पण समोर हात जोडून बसलेल्या बाईंच्या देवावर आम्ल ओतायला हात धजेना.

सोडवणूक आजींनीच केली. प्रयोगशाळेच्या काळ्या ओट्यावर मुलांनी सांडलेल्या आम्लाचे पांढरे डाग पडलेले आहेत. त्यांवर बोट फिरवून त्या म्हणाल्या, "हा कडप्पा ना? आमच्या ओट्यावर लिंबू सांडले की असाच डाग पडतो."

कडप्पा हाही चुनखडकच, आणि तोही त्याच मुलखातला. एवढे सांगितल्यावर मला पुढे बोलावेच लागले नाही. त्यांनी कापडातल्या दगडाकडे पाहिले, मग मुलाकडे, आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे दह्याने."

मी भिंग दिले. तुटलेल्या बाजूला मधोमध सुईएवढे छिद्र होते आणि त्याभोवती झाडाच्या खोडासारखी वर्तुळे. मातीतून झिरपताना पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो, ते पाणी चुनखडक विरघळवते आणि गुहेच्या छताला थेंब लोंबू लागला की तो वायू उडून जाऊन कॅल्साइटचे बारीक कडे मागे राहते. अशी कड्यावर कडी जमून आधी पोकळ नळी आणि मग अधोमुखी लवणस्तंभ तयार होतो. (पाठ्यपुस्तकातल्या या नावामुळे दरवर्षी कोणीतरी तो मिठाचा असल्याचे लिहितो.) आजींनी छिद्र पाहून विचारले, "गळतीतून थेंब पडतो तसा?" वीस मिनिटांच्या व्याख्यानात मला इतके चपखल सांगता आले नसते.

वाढीचा हिशोब विद्यार्थ्यानेच मांडला. अनेक गुहांमध्ये वाढ वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते, असे मी वर्गात सांगितले होते. तुकडा आठ सेंटीमीटरचा, म्हणजे ढोबळमानाने आठशे वर्षे. जवळपास तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिराएवढे वय. त्यानंतर त्याने वडिलांकडे न पाहताच सांगून टाकले की, मार्गदर्शक पुढे गेल्यावर बाबांनी तो सखल छतावरून मोडून घेतला होता.

वडील बराच वेळ मोबाइल बंद-चालू करत राहिले. "परत नेऊन चिकटवता येईल?" त्यांनी विचारले.

"नाही," मी म्हणालो.

आजी उठल्या. यापुढे नुसते बेलपान वाहीन, पाणीसुद्धा नको, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले. कापड गुंडाळता गुंडाळता त्या थांबल्या आणि विचारले, "सर, तिथे याची वरची बाजू कोणती होती?" मी तुटलेल्या टोकाला बोट लावून दाखवले. इतके महिने देव्हाऱ्यात तो उलटा उभा होता. त्यांनी तो फिरवला, निमुळते टोक खाली केले आणि मोटारीपर्यंत तसाच धरून नेला.